जुम्यानंतरची मोजणी

रविवार, १३ जून २००४
मिरकाब, कुवेत

मागच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक चूक राहिली आहे. ती आधी दुरुस्त करते, मग ही वही सुरू.

शुक्रवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे, ‘कुब्बरवर पोचलो तेव्हा वाळूवरच्या घरट्यांवर पक्षी नव्हते, अंडी टाकून दिलेली होती.’ हे खरं नाही. बोट बेटाजवळ आली तेव्हा मी स्वतः दुर्बिणीतून पाहिलं होतं. पक्षी बसलेले होते. चोची उघड्या, पंख अंगापासून थोडे सैल सोडलेले, एकेक आपापल्या खळग्यावर. आम्ही वाळूवर पाय ठेवला तेव्हा ते उठले आणि आम्ही परत बोटीत बसेपर्यंत डोक्यावर ओरडत राहिले. ‘पक्षी नव्हते’ हे आम्ही उतरल्यानंतरचं आहे. मी ते आधीचं करून टाकलं.

मुद्दाम नाही केलं. पण तसं लिहिताना मला बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

नवी वही, म्हणून आईचा नियम पाळते: रोजचं असं लिहायचं की परक्या माणसालाही कळावं. मी आठवीपर्यंत शाळेत गेले नाही. युद्धानंतर ब्याण्णवमध्ये आम्ही कुवेतला परत आलो तेव्हा माझा दमा इतका वाढला होता की धुळीच्या दिवसांत आई खिडकीच्या फटीत ओली फडकी खुपसून मला आतल्या खोलीत शिकवायची. भाषा आईची, गणित आणि विज्ञान बाबांचं. आई म्हणायची, चुकलं तर खोडायचं नाही, ज्या दिवशी कळलं त्या दिवसाच्या तारखेने नव्याने लिहायचं. बाबा म्हणायचे, जे पाहिलं ते एका बाजूला, जे वाटलं ते दुसऱ्या बाजूला. मी आता तेवीस वर्षांची आहे, इथेच एका सर्वेक्षणाच्या ऑफिसात आकडे भरते आणि अजून दोघांचेही नियम मोडायला घाबरते.

बाबा रिफायनरीत इंजिनियर आहेत. कुब्बर हे समुद्रातलं वाळूचं छोटं बेट. शर्कच्या बंदरावरून महबूबचाचांच्या बोटीने दीड तास. उन्हाळ्यात तिथे सुरय पक्षी अंडी घालतात. बाबा शहाऐंशीपासून दर वर्षी त्यांची घरटी मोजतात. युद्धानंतरची दोन वर्षं सुरुंगांच्या भीतीने जाता आलं नाही, एरवी एकही उन्हाळा चुकलेला नाही. सुरय तिथे दोन जातींचे आहेत. एक झुडपांखाली अंडी घालतात, एक उघड्या वाळूवर. आमच्या घरात त्यांना झुडुपवाले आणि वाळूवाले म्हणतात. झुडुपवाले आहेत तितकेच आहेत. वाळूवाले युद्धानंतर दर वर्षी कमी होत गेले, आता निम्मेही नाहीत.

हात दुखला. गॅस बंद आहे का ते दोनदा पाहून आले.


सोमवार, १४ जून

काड्यांबद्दल लिहायचं टाळत होते. आज लिहिते.

एकच घरटं दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून आम्ही मोजलेल्या घरट्याशेजारी कबाबची बांबूची काडी रोवतो. इराणी दुकानात जाडजूड जुडी मिळते. मोजणी संपली की काड्या उपटून परत आणतो. वर्षातून एकदा जायचं, एकदा मोजायचं, परत यायचं. मागे वळून त्या घरट्यांचं पुढे काय झालं ते पाहायला आम्ही कधी गेलोच नाही. कारणच नव्हतं.

यंदा मेअखेरीस मोजणी अर्ध्यावर असताना वारा सुटला. महबूबचाचांनी बोटीतून हाका मारायला सुरुवात केली. बेटाचं उत्तरेचं टोक मोजायचं राहिलं आणि काड्याही वाळूत तशाच राहिल्या. बाबा परतीच्या वाटेवर चिडलेले होते. राहिलेलं टोक मोजायला म्हणून परवाच्या शुक्रवारी पुन्हा गेलो.

आता जे पाहिलं ते. काडी असलेल्या घरट्यांत अंडी तशीच होती. काडी नसलेल्या उत्तर टोकावर पिल्लं होती, वाळूच्या रंगाची, पायाखाली येतील अशी. मध्ये कुंपण नाही, खडक नाही. एकच वाळू. जिथवर मी मेमध्ये चालले होते तिथवर अंडी, त्यापुढे पिल्लं.

एक अंडं तडकलेलं होतं. मी उचलून बाबांकडे नेलं. ते पाण्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवर दुर्बीण लावून बसले होते. गेली तीन वर्षं ते वाळूवर येत नाहीत, गुडघा दुखतो म्हणतात. त्यांनी अंड्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. “वांझ असेल,” म्हणाले आणि माझ्या हातातून घेऊन समुद्रात टाकलं. मग विचारलं, “वाळूवर किती वेळ होतीस?”

मी म्हटलं, दीड तास तरी.

“झुडपांपासून सुरुवात करत जा म्हणून सांगतो ना मी.”

जे वाटलं ते इथे लिहीत नाही. अजून दुसरी बाजू रिकामी ठेवते.


बुधवार, १६ जून

अहमद आले होते. समुद्र आणि बेटं राखण्यासाठी त्यांनी इथल्या लोकांचा एक गट केला आहे. सरकारी नोकरी सांभाळून हे करतात. बाबांना ते ‘अबू जुईली’ म्हणतात. इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आणि बाबांना मुलगा नाही म्हणून काही अडत नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं आहे. आईला या हाकेचं भारी कौतुक.

बोलणं इंग्रजीत झालं.

“अबू जुईली, अर्ज तयार आहे,” अहमद म्हणाले. “मे ते ऑगस्ट बेटावर कोणालाही उतरायला बंदी. शुक्रवारी पन्नास पन्नास बोटी लागतात, पोरं गाणी लावतात, कुत्रे सोडतात. तुमचे आकडे नसते तर मला कोणी दारातही उभं केलं नसतं.”

बाबा म्हणाले, “तेलाचाही परिणाम आहे. एक्क्याण्णवला युद्धात समुद्रात सांडलेलं तेल.”

“तेल आता अर्ज वाचत नाही. पिकनिकवाले वाचतील.” अहमद हसले. “फक्त एक अडचण आहे. सरकारी लोक म्हणतात, हा एका माणसाचा छंद आहे. म्हणून आता मोठी मोजणी. पंचवीस तारखेला, शुक्रवारी. माझे वीस स्वयंसेवक, तुमची पद्धत, तुमच्याच काड्या. उशिराने अंडी घातलेली जोडपी पुष्कळ आहेत ना? आणि तिथून पुढे सीझन संपेपर्यंत दर शुक्रवारी.”

बाबांनी कप बशीत ठेवला. “वर्षातून एकदा पुरे असतं.”

“का?”

बाबांनी बशी पुढे सरकवली. मग म्हणाले, “पक्ष्यांना त्रास होतो.”

“अहो, एक दिवसाचा त्रास, पुढचं सगळं आयुष्य निवांत!” अहमदनी माझ्याकडे पाहिलं. “जुईली, समजाव यांना. सतरा-अठरा वर्षांचं काम आहे, नाव लागेल यांचं.”

मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, मलाच माहीत नाही. बाबांनी शेवटी “बघू” म्हटलं आणि अहमदनी ते ‘हो’ धरलं. तेवीसला, बुधवारी, त्यांच्या ऑफिसात सगळ्या स्वयंसेवकांची बैठक आहे.

ते गेल्यावर आई म्हणाली, “तुमचं नाव लागणार आणि तुम्ही असे काय बसलात, एरंडेल प्यायल्यासारखे?”

बाबा फिरायला गेले. समुद्राकाठच्या रस्त्याने ते रोज तासभर चालतात, भरभर, मला त्यांच्याबरोबर राहताना दम लागतो.


गुरुवार, १७ जून

अर्ध्या दिवसाने ऑफिस सुटलं. घरी आले तर टेबलावर एका इंग्रजी नियतकालिकातल्या लेखाची झेरॉक्स. बाबांना असं काही मिळालं की ते माझ्या टेबलावर ठेवतात. लहानपणापासूनची सवय, इंग्रजी सुधारावं म्हणून. दोन पानांचे कोपरे दुमडलेले होते. अहमदनीच दिलेला असणार.

लेख पेंग्विनवर आहे. दक्षिणेकडच्या दूरदूरच्या बेटांवर माणसं वर्षानुवर्षं पेंग्विन मोजतात. पक्षी ओळखू यावा म्हणून त्याच्या पंखाला धातूची पट्टी बांधतात. पुढे कोणाला तरी शंका आली, आणि पट्टी नसलेले पक्षी दुसऱ्या रीतीने ओळखून त्यांचीही नोंद ठेवली. पट्टीवाल्या पक्ष्यांना पोहायला जड जातं, ते उशिरा परततात, त्यांना पिल्लं कमी होतात. म्हणजे इतकी वर्षं पेंग्विन कमी होताहेत असं जे लिहिलं गेलं, त्यातलं थोडंबहुत पट्टीचंच होतं.

मी तो लेख तीनदा वाचला. मग न्हाणीघरात जाऊन बसले.

बाबांनी बहुधा वाचलेला नसावा. वाचला असता तर काही बोलले असते. मी तो परत त्यांच्या टेबलावर ठेवला नाही. माझ्या कपाटात स्वेटरांखाली ठेवला आहे.


शुक्रवार, १८ जून

मोजणी नाही, म्हणून सकाळ मोकळी. जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी भांडारातून, काल बटेराची अंडी आणून ठेवली होती. आकाराने ती सुरयच्या अंड्यांहून जरा लहान. दुपारी दोनला (याच सुमाराला आम्ही कुब्बरवर उतरतो) गच्चीवर परातीत वाळू पसरली. वाळू कुब्बरचीच, माझ्या बुटांतून आणि पिशव्यांतून वर्षानुवर्षं घरी आलेली, आईने कुंड्यांसाठी साठवलेली. वाळू तापू दिली. दोन अंडी उघड्यावर, दोन आईच्या जुन्या छत्रीच्या सावलीत.

अर्ध्या तासाने फोडून पाहिली. सावलीतली कच्ची. उन्हातल्यांचं पांढरं कडेने घट्ट व्हायला लागलं होतं.

आई कपडे काढायला वर आली. “हे काय गं, भातुकली?”

मी सांगितलं. सगळं नाही. म्हटलं, आपण दुपारच्या उन्हात पक्षी उठवतो, ते तेवढा वेळ अंड्यांवर सावली धरायला नसतात.

आई परातीकडे बघत राहिली. “मग सकाळी का जात नाही तुम्ही? युद्धाच्या आधी तर पहाटेच जायचे. कंपनीची बोट असायची, ते दोघं-तिघं काळोखात निघायचे आणि मी डबा द्यायला उठायची. ऊन वर यायच्या आत घरी.”

“आणि आता?”

“आता महबूबभाईंची बोट. जुम्याच्या नमाजेनंतर निघतात ना.” तिने टॉवेल झटकला. “आणि ह्यांची गुरुवारची रात्रपाळी असायची. सकाळी झोपलेले असायचे. शुक्रवारी सकाळी मी मिक्सरसुद्धा लावत नाही अजून, तुला माहीत आहे.”

“अजून कशाला? रात्रपाळी सुटून चार वर्षं झाली.”

“सवय,” आई म्हणाली. मग टॉवेलची घडी घालत, “झोपलेले नसतातच तसे. सहाला जागे होतात. छताकडे बघत पडून असतात. मी चहा नेला तर म्हणतात, राहू दे, अजून वेळ आहे.”

अंडी मी कचऱ्यात टाकली. मग वाटलं, कोणाला दाखवायला ठेवायला हवी होती. मग वाटलं, कोणाला?


शनिवार, १९ जून

ऑफिस सुटल्यावर शर्कच्या मासळीबाजारात गेले. महबूबचाचा तिथे बर्फाच्या लाद्यांच्या हिशोबाला बसतात. ते मूळचे रत्नागिरीकडचे. बोट त्यांच्या कुवेती मालकाची, पण शुक्रवारी ती त्यांच्या हाती असते.

“काय गो जुईली, आज बाजारात? इंजिनियरांच्या घरात मासे मोजतात, खात नाय, असा ऐकलाय मी.”

“चाचा, मला काही विचारायचंय.”

“विचार की. पापलेटचा भाव सोडून काय पण विचार, तो ऐकून तुला चक्कर येल.”

मी विचारलं, कुब्बरला आपण जुम्याच्या आधी का जात नाही. पहाटे निघून नमाजेच्या आत परत येता येईल ना?

ते माझ्याकडे बघतच राहिले. “येल की. फजरची नमाज करून निघायचा, नऊ-साडेनऊला परत. आंघोळ करून मशिदीत. मला तर तोच बरा पडला असता. दुपारच्या उन्हात इंजिनाला हात लावायची कोणाला हौस हाय?”

“मग?”

“तुझ्या बाबांची रात्रपाळी.” त्यांनी आवाज खाली आणला, जणू बाबा बर्फाच्या ढिगामागे झोपलेले असावेत. “त्र्याण्णवला पहिल्यांदा निघालो तेव्हा हे साहेब रात्रभर जागून सरळ बंदरावर येणार होते. डोळे असे लाल. मी मनात बोललो, रात्रभर काम केलेल्या माणसाला पहाटे समुद्रावर काय न्यायचा? तोंडावर कसा बोलणार? म्हणून बोललो, साहेब, आपण जुम्यानंतर निघू. ते लगेच हो बोलले. तेव्हापासून तीच वेळ.”

“त्यांनी कारण विचारलं नाही?”

“कशाला विचारतील? शहाणा माणूस हाय.” मग अभिमानाने म्हणाले, “अकरा वर्षं झाली, माझ्यामुळे त्यांची झोप कधी मोडली नाय.”

रात्रपाळी चार वर्षांपूर्वी सुटली, हे मी त्यांना सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. त्यांनी कागदात गुंडाळून सुरमईचे दोन तुकडे बळेच हातात दिले. “रबियाचाचीने सांगितलंय, तुझ्या अंगावर मांस नाय.” आईने ते शेजारी देऊन टाकले आणि पिशवी धुऊन वाळत घातली.


रविवार, २० जून

आज बाबांना विचारलं. शक्य तितकं सहज, भेंडी चिरता चिरता.

“बाबा, आपण कुब्बरला जुम्यानंतरच का जातो?”

“महबूबची नमाज असते.” वर्तमानपत्र खाली न करता.

“त्यांनी सांगितलं होतं?”

“सांगायला कशाला हवं? त्यानेच पहिल्या वेळी म्हटलं, जुम्यानंतर निघू. मला काय कळत नाही? त्याचा एकच दिवस, एकच नमाज. पहाटे निघालो आणि इंजिन बिघडलं, उशीर झाला तर? मी त्याच्या जुम्याला कधी आड आलो नाही.” आणि मग, तोच अभिमान, अगदी तोच: “अकरा वर्षं.”

मी भेंडी चिरत राहिले. हसू येईल की रडू येईल ते कळेना म्हणून देठंच मोजली.

दोघंही एकमेकांसाठी थांबले. एक जागा होऊन अंथरुणात पडून राहिला, दुसरा बंदरावर बसून राहिला, आणि आम्ही रोज दुपारी दोनला (दर वर्षी एकदा, ‘रोज’ चुकीचं आहे) तापलेल्या वाळूवर उतरलो. कोणी कोणाचं वाईट केलं नाही. म्हणूनच मला हे कोणाला कसं सांगावं ते कळत नाही. भांडण असतं तर सोपं होतं.

आता दुसरी बाजू लिहिते, जे वाटलं ते.

मला वाटतं, वाळूवाले कमी होण्यात आमचा हात आहे. किती, ते मला माहीत नाही. तेलाचा किती, पिकनिकवाल्यांचा किती, आमचा किती, हे आता वेगळं काढता येणार नाही. वर्षातून एक दुपार. पण त्या एका दुपारी आम्ही एकही घरटं सोडत नव्हतो. पिकनिकवाले एका कोपऱ्यात गाणी लावून बसतात. आम्ही नीट रांगेने, सगळ्या बेटावरून, काळजीपूर्वक चालतो. काळजीपूर्वक म्हणजे सावकाश.

झुडुपवाल्यांची अंडी सावलीत असतात. ते कमी झाले नाहीत.


त्याच दिवशी, पुन्हा

सांगितलं तर काय होईल ते लिहून काढते, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.

अहमदांचा अर्ज पडेल. पिकनिकवाले म्हणतील, पक्षी मोजणाऱ्यांनीच मारले, आम्हाला कशाला बंदी? बेट उघडं राहील. बाबांच्या सगळ्या कामावर एक ओळ लिहिली जाईल, आणि ती ओळ त्यांच्या मुलीने लिहिलेली असेल. युद्धातून परत आल्यावर बाबा वर्षभर कोणाशी बोलत नव्हते. मला ते अंधूक आठवतं, आई आत शिकवायची आणि बाबा बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. त्र्याण्णवच्या त्या पहिल्या मोजणीवरून परत आले तेव्हा जेवताना हसले होते. आई अजून सांगते. ते मी कसं काढून घेऊ?

नाही सांगितलं तर पंचवीसला वीस माणसं. मी एकटी वाळूवर होते तेव्हाही दीड तास. वीस नवखी माणसं, माझ्या बाबांची पद्धत, माझ्या बाबांच्या काड्या, दुपारी दोन. आणि नंतर दर शुक्रवारी. उशिराने घातलेलं एकही अंडं उरणार नाही. मग आकडा खरोखरच खाली येईल, अर्जाला छान दिसेल असा.

हे शेवटचं वाक्य लिहिल्याची लाज वाटली. अहमद असे नाहीत. पण वाक्य खरं आहे, म्हणून राहू देते.

महबूबचाचांना वेळ बदलायला सांगून गुपचूप पहाटे नेलं तर? कोणाला काही न सांगता? तेवढ्याने पुढची अंडी वाचतील. पण मग मागचे सगळे आकडे आणि पुढचे आकडे एकमेकांशेजारी खोटे बसतील. आणि पहाटे गेलं तरी वीस माणसं वीसच.


सोमवार, २१ जून

रात्री दम्याचा त्रास झाला, पंप दोनदा घ्यावा लागला. आईला वाटतं धूळ.

आज ठरवून बाबांसमोर बसले. ते कामावरून येऊन चहा घेत होते. मी म्हटलं, “बाबा, मोजणीबद्दल बोलायचंय. महत्त्वाचं आहे.”

त्यांनी हात वर केला. “बुधवारी बोल.”

“नाही, बैठकीच्या आधी तुम्हाला—”

“बैठकीतच बोल. मी अहमदला फोन केला होता दुपारी. पद्धतीबद्दल तू सांगणार म्हणून सांगितलंय. मी नाही बोलणार.”

“मी? का?”

“मला इंग्रजीत इतका वेळ बोलताना दम लागतो.”

बाबा गेली पंचवीस वर्षं दिवसभर इंग्रजीत बोलतात. वय झालं आहे त्यांचं. मला फार वाईट वाटलं.

“बाबा, तरी आधी ऐकून घ्या. मी जे सांगणार आहे ते तुम्हाला—”

“आधी ऐकलं तर मी मध्ये बोलेन.” त्यांनी चहा ढवळला. साखर ते घेत नाहीत. “माझी सवय तुला माहीत आहे. जे पाहिलंस ते सांग. सगळं सांग. माझ्याकडे बघू नकोस सांगताना.”

त्यांचा माझ्यावर किती विश्वास आहे! आणि मी त्याच विश्वासाचं काय करणार आहे, याची त्यांना कल्पनाही नाही. मी तिथून उठले, नाहीतर रडले असते. मागून त्यांनी विचारलं, “तो पेंग्विनचा लेख वाचलास?”

मी खोटं बोलले. म्हटलं, वेळ झाला नाही.

“वाच,” बाबा म्हणाले. “इंग्रजी चांगलं आहे त्यातलं.”


त्याच दिवशी, संध्याकाळ

खोटं बोलले ते दुरुस्त करून आले. फिरायला निघाले होते, चपला घालत होते. म्हटलं, “लेख वाचलाय मी, बाबा. तीनदा.”

ते वाकलेले होते, तसेच थोडा वेळ राहिले. मग म्हणाले, “बरं.” आणि गेले.

आईने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, काही नाही. आई म्हणाली, “तुम्ही दोघं एकमेकांना जपण्यात घर सांडून ठेवाल एक दिवस.” तिचं बोलणं कधीकधी मला कळत नाही.

आता ठरवते. सगळ्यांसमोर बोलणार. काडी असलेली घरटी आणि नसलेली घरटी, उत्तरेचं टोक, दुपारी दोन, गच्चीवरची अंडी. झुडुपवाले आणि वाळूवाले. किती आमच्यामुळे ते माहीत नाही, हेही. पंचवीसची मोजणी करू नका, हे म्हणणार. बेट बंद करा, आणि ते पहिल्यांदा आम्हाला बंद करा, हेही म्हणणार, अहमद रागावले तरी. महबूबचाचांचं आणि बाबांचं एकमेकांसाठी थांबणं मात्र सांगणार नाही. ते मी पाहिलेलं असलं तरी माझं नाही. बाबांना ते मी वेगळं सांगेन, घरी, बैठकीनंतर. चाचांना त्यांनी स्वतः सांगावं.

बाबा पहिल्या रांगेत बसलेले असतील. त्यांचा चेहरा उतरेल, आणि मी त्यांच्याकडे बघणार नाही, कारण बघायचं नाही असं त्यांनीच सांगितलं आहे. त्यांना वाटत असेल, मी लाजून अडखळेन म्हणून.

बुधवारी, २३ जूनला, बैठक. आवाज निघाला नाही तर हे पान वाचून दाखवेन.